आजीने न वाचलेली पानं

दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी ‘स्वामी’ ही कादंबरी पहिल्यांदा वाचली. १९८९ साल, गडहिंग्लजचं आजोळ, दुपारी सगळे झोपलेले आणि मी सोप्यात जमिनीवर पालथी पडलेली, कोपर दुखायला लागलं की कूस बदलायची आणि पुढचं पान. तीन दिवसांत संपवली. शेवटाला इतकी रडले की मावशीला वाटलं रिझल्टचं टेन्शन आलंय.

त्यानंतर चार वेळा वाचली असेल. कॉलेजात, लग्नानंतर, मुलगी झाली तेव्हा रजेत, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर या दिवाळीत. दर वेळी मत थोडं थोडं हललं. पण आता जे मत झालंय ते परत हलेल असं वाटत नाही म्हणून एकदा नीट लिहून काढते. प्रेम कसं दिसतं हे मला या पुस्तकाने दाखवलं, आणि माझं भांडणही याच पुस्तकाशी आहे, ते शेवटच्या पानांवरून.

गोष्ट माहीत नाही असं मराठी घर कमीच, तरी सांगते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. थोरला मुलगा विश्वासराव पडला, चुलतभाऊ सदाशिवराव गेला, आणि त्या धक्क्यातून नानासाहेब पेशवे उठलेच नाहीत, जूनमध्ये पर्वतीवर गेले. राज्य कर्जात बुडालेलं, निजाम टपलेला, दक्षिणेत हैदर वर येतोय, घरात काका रघुनाथराव स्वतःला वारस समजतोय, आणि पेशवाईची वस्त्रं आली सोळा वर्षांच्या माधवरावाच्या अंगावर. मी वाचत होते तेव्हा मीही सोळाचीच होते आणि मला साधी सायन्स की आर्ट्स हे ठरवता येत नव्हतं. या मुलाने पुढच्या अकरा वर्षांत राक्षसभुवनला निजामाला हरवलं, हैदरवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या केल्या, धोडपला काकाला पकडून शनिवारवाड्यात आणून बसवलं आणि १७७२ उजाडताना त्याच्या सरदारांनी दिल्लीत बादशहाला परत तख्तावर बसवलेलं होतं. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थेऊरला गणपतीच्या देवळात क्षयाने गेला. वय सत्तावीस. आणि बायको रमाबाई सती गेली.

रणजित देसाईंनी यावर कादंबरी लिहिली, १९६२ साली आली, १९६४ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्याच भागातले, त्यामुळे आजोळी या पुस्तकाचा जरा जास्तच अभिमान. पुढे दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा तर गल्लीत त्या वेळेला कुणी दिसायचं नाही.

आता यातलं प्रेम. मला वाटतं मराठीत नवराबायकोच्या प्रेमावर खूप लिहिलं गेलंय, पण हे असं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही. सगळं दबक्या आवाजात. एवढ्या मोठ्या वाड्यात दोघांना एकांत म्हणून नाहीच, सासू, चुलतसासरे, कारभारी, कुणबिणी, पहारे, सारखं कुणीतरी येतंय, वर्दी देतंय. बोलणं सगळं आम्ही आणि आपण असं. ज्या घरात नवरा बायकोशी बोलताना स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो तिथे जवळीक दाखवायची कशी? देसाई ती दाखवतात थांबण्यातून. बोलता बोलता कुणीतरी गप्प होतं, कुणीतरी नजर वळवतं, औषध पुढे केलं जातं आणि ते घेतलं जातं. सोळाव्या वर्षी आमच्या वर्गात सिनेमाच्या गाण्यांवरून प्रेमाच्या कल्पना ठरायच्या, त्यात मला अचानक हे सापडलं, की जास्त न बोलताही माणूस माणसाला इतकं धरून राहू शकतं. आजही नवऱ्याने न विचारता माझ्या चष्म्याची काच पुसून ठेवली की मला त्या पुस्तकाची आठवण येते, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही पण खरं आहे.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली, इतिहासाची पुस्तकं वाचायला लागल्यावर. त्या काळातल्या फौजा साधारण दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायच्या. नद्यांना पाणी, तोफा चिखलात, त्यामुळे लढाया बंद. अपवाद असायचे, राक्षसभुवन भर ऑगस्टात झालं, छावणी बाहेरच पडली असंही व्हायचं. पण एकूण हिशेब केला तर या दोघांचा संसार म्हणजे वर्षातले चार महिने, तेही नीट मिळाले तर. मूलबाळ नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या पेशवाईत हातात आलेले पावसाळे मोजायचे, त्यातले आजारपणाचे वजा करायचे, आणि उरेल ते रमामाधवाचं. आपल्याकडे लग्नाच्या जोडप्याला कौतुकाने रमामाधव म्हणतात. रमा म्हणजे लक्ष्मी आणि माधव म्हणजे विष्णू असा देवांचाही जोडा आहेच, पण म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक हे दोघं असतात. म्हणताना कुणाला आठवत नाही की हा जोडा किती थोडे दिवस एकत्र होता.

कादंबरी म्हणून सगळ्यात भारी जमलंय ते माझ्या मते काका-पुतण्याचं. आळेगावला १७६२ साली माधवराव काकाच्या फौजेपुढे स्वतः जाऊन शरण गेला, कारण घरातलं भांडण वाढलं तर निजाम दोघांनाही खाईल हे त्याला दिसत होतं. सतरा वर्षांचा मुलगा हा हिशेब करतो. आणि राघोबा, म्हणजे रघुनाथराव, असा माणूस आहे की त्याचा राग येतो पण तिटकारा येत नाही, त्यालाही पुतण्यावर माया आहेच, फक्त खुर्चीवरची जास्त आहे. ही अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात, जमिनीच्या वाटणीच्या वेळी दिसतात. देसाईंना हे घर कळलेलं होतं. न्यायाधीश रामशास्त्री माधवरावाला पूजाअर्चेत फार वेळ घालवतो म्हणून खडसावतात ती आख्यायिकाही सगळ्यांना माहीत आहे, राज्य करायचं तर राज्य करा, स्नानसंध्या करायची तर चला काशीला. माझ्या वडिलांचा तो फार आवडता प्रसंग होता.

आजाराचं वर्णन मात्र मला आता वाचवत नाही. क्षयावर औषध यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, स्ट्रेप्टोमायसिन आलं ते १९४० च्या दशकात. तोवर हवापालट, लंघन, काढे, अनुष्ठानं. थेऊरच्या चिंतामणीवर त्याची श्रद्धा, तिथला लाकडी सभामंडप त्यानेच बांधलेला, तिथेच मरायला येऊन राहिला. मरणाआधी त्याने आपल्या इच्छा लिहून ठेवल्या त्यात वडिलांपासूनचं कर्ज फेडायचं हेही होतं. सत्तावीस वर्षांचा माणूस मरताना सावकारांचा विचार करतोय. हे वाचून गलबलतंच.

आता आजी.

आमच्या घरातली ‘स्वामी’ची प्रत आजीची होती. आजोबा विषमज्वराने गेले तेव्हा आजी अठ्ठावीस वर्षांची होती, तीन मुलं, धाकटी म्हणजे माझी आई तेव्हा अंगावर पिणारी. आजीच्या सासऱ्यांनी, आजी त्यांना मामंजी म्हणायची, वर्षश्राद्ध झाल्यावर तिला सांगितलं की तू फायनलची परीक्षा पास झालेली आहेस, ट्रेनिंगला जा, पोरं मी सांभाळतो. आणि खरंच सांभाळली. पहाटे उठून पेज करून भरवायचे म्हणे. आजी मास्तरीण झाली, एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, दोन घरं बांधली, नातवंडांची लग्नं लावली. तिच्या पगारातून तिने जी थोडी पुस्तकं विकत घेतली त्यात ही.

रात्री जेवणं झाली की ती मोठ्याने वाचायची, शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. हे आईकडून ऐकलेलं, आणि शेवटीशेवटी मीही पाहिलेलं. आळेगाव तिला जवळजवळ पाठ होतं. पण थेऊरला माधवराव गेले की आजी पुस्तक मिटायची. पुढचं वाचायची नाही. बायका म्हणायच्या, बाई वाचा की सतीचं, तर म्हणायची पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मग चुलीवरचं दूध बघायला उठायची.

मला तेव्हा वाटायचं तिला रडू आवरत नसेल. सुट्टीत मी जी प्रत वाचली ती हीच. आधीची सगळी पानं हाताळून मऊ झालेली, कोपरे दुमडलेले, कुठे तेलाचा डाग, आणि शेवटची काही पानं नव्यासारखी कडक. आणि मी नेमकी त्याच पानांवर सगळ्यात जास्त रडले. दुःखाने नाही रडले. भारावून रडले. हे मला आज लिहायला जड जातंय पण तसंच होतं. ती शांतपणे निघालीय, चेहऱ्यावर तेज, जणू परत एकदा लग्नालाच निघालीय, लोक पाया पडतायत, असं चित्र माझ्या मनात उभं राहिलं आणि मला वाटलं प्रेम असावं तर असं.

आता हे बघा. त्याच्या दोनच वर्षं आधी, सप्टेंबर १९८७ मध्ये, राजस्थानातल्या देवराळा गावात रूप कंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली होती. पेपरात रोज होतं. आमच्या घरी त्यावर बोलणं झालं होतं, शाळेत बाईंनी विषय काढला होता, मी नववीत होते आणि मला त्या चितेभोवती जमलेल्या लोकांचा भयंकर राग आला होता. त्याच वर्षी कायदा झाला, सती जाण्याला भाग पाडणंच नाही तर सतीचा उदोउदो करणंही गुन्हा ठरवणारा. हे सगळं मला माहीत होतं. तरी दोन वर्षांनी सोप्यात पालथं पडून मी तेच वाचलं आणि हात जोडले. दोन्हीचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. देवराळ्याची बातमी साध्या पेपरी भाषेत होती आणि थेऊरची हकीकत सुंदर भाषेत, एवढाच फरक. सुंदर भाषा काय करू शकते हे मला तेव्हा कळलं असं म्हणता येणार नाही, कळायला वीस वर्षं लागली.

यावर लोक मला लगेच म्हणतात, अगं पण इतिहास आहे तो, रमाबाई गेल्याच सती, लेखक काय बदलणार. मान्य. बदलू नयेच. शिवाय १९६२ सालच्या माणसाकडून आजची नजर मागणं बरोबर नाही हेही मान्य. माझी तक्रार घटना लिहिली म्हणून नाही. माझी तक्रार आहे की संपूर्ण कादंबरीत रमा त्या शेवटासाठीच तयार केल्यासारखी वाटते. ती सोसते, वाट बघते, समजून घेते, उपास करते. तिला राग कधी आला, कशाचा कंटाळा आला, नवरा नसताना त्या आठ महिन्यांत तिच्या डोक्यात काय चालायचं, हे फार कमी. माधवरावाला चुका करायला, चिडायला, पस्तावायला जागा आहे. रमेला ती जागा मिळत नाही. त्यामुळे शेवट आला की वाटतं, हो, ही दुसरं काय करणार. आणि तिथेच मला फसवल्यासारखं वाटतं, कारण दुसरं करणाऱ्या बायका तिच्या आजूबाजूला सगळीकडे होत्या.

कुठे लांब जायला नको, तिच्याच सासरच्या घरात बघा. पहिल्या बाजीरावांची काशीबाई सती गेली नाही. सासू गोपिकाबाई गेली नाही, ती नवऱ्यामागे राजकारण करत राहिली, मुलाशी भांडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली. पानिपतात गेलेल्या भाऊंची पार्वतीबाई, तिने तर नवरा मेला हेच शेवटपर्यंत मानलं नाही, १७८३ पर्यंत जगली. रमा गेल्यावर वर्षही पुरं झालं नाही तोवर धाकटा दीर नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यातच मारला गेला, त्याची बायको गंगाबाई तेव्हा पोटुशी होती, तिला कारभाऱ्यांनी पुरंदरवर नेऊन जपलं आणि तिच्या पोटी सवाई माधवराव जन्मला. म्हणजे एका विधवेच्या जिवावर पेशवाई टिकली. घराण्यात सती गेलेल्या नव्हत्या असं नाही, चिमाजीअप्पांची अन्नपूर्णाबाई गेली होती. पण तो काही ठरलेला रस्ता नव्हता.

आणि अहिल्याबाई. खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफगोळ्याने गेला, अहिल्या सती जायला निघाली आणि सासरे मल्हारराव आडवे आले, म्हाताऱ्याला टाकून जाऊ नकोस म्हणून. ती थांबली. पुढे मल्हारराव गेले, तिचा मुलगाही गेला, तेव्हा राघोबाची नजर होळकरांच्या दौलतीवर गेली, आणि त्या वेळी अहिल्याबाईच्या बाजूने निकाल दिला कुणी? माधवरावाने. याच माधवरावाने. नवरा, सासरा, मुलगा कुणी न उरलेल्या बाईला दौलत सांभाळायचा हक्क आहे हे ज्याने पुण्यात बसून मान्य केलं, त्याच्या बायकोला त्याच्या मागे जगायचा हक्क आहे हे थेऊरला कुणाच्या तोंडून आलं नाही, किंवा आलं असलं तर टिकलं नाही. अहिल्याबाईने १७९५ पर्यंत राज्य केलं. घाट बांधले, विहिरी बांधल्या, देवळं उभी केली. मल्हाररावांनी पदर धरला नसता तर यातलं काहीच नसतं आणि कदाचित तिच्यावरही कुणीतरी एक सुंदर शेवट लिहिला असता.

माधवरावाबद्दल मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की पानिपताच्या रणाने मराठ्यांचं जेवढं नुकसान केलं त्याहून या पुरुषाच्या अकाली मरणाने कमी केलं नाही. हे वाक्य आपल्याकडे शाळेपासून सांगतात. तो जगला असता तर काय झालं असतं यावर आमच्या घरात दिवाळीच्या फराळाला तासन्‌तास वाद झालेले आहेत, इंग्रज आलेच नसते इथपर्यंत. रमा जगली असती तर काय, हे मात्र मी कुणाच्याही तोंडून कधी ऐकलेलं नाही. विशीच्या आसपासची बाई. नारायणरावाला आई लांब, वहिनी जवळची. ती वाड्यात असती तर तो ऑगस्ट तसाच झाला असता का? मला उत्तर नको आहे, प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता एवढंच. कादंबरीकाराला तर तो विचारता आलाच असता, त्याचं कामच ते. चितेकडे जाणाऱ्या बाईच्या मनात एक क्षणभर जरी त्याने भीती ठेवली असती, धुराने डोळे चुरचुरल्याचं एक वाक्य, तरी मला ती माणूस म्हणून भेटली असती. मला तिथे देवी भेटली, आणि मी तिला नमस्कार करून पुस्तक मिटलं.

तरीही हे पुस्तक मी मुलीला दिलंय. वाच म्हटलं, सगळं वाच, आणि मग आपण बोलू. कारण बाकीचं इतकं सुंदर आहे की ते तिच्यापर्यंत पोचलं नाही तर मला चुकल्यासारखं होईल. ती अजून आळेगावापर्यंतच आलीय आणि राघोबावर चिडलीय.

माझं लग्न झालं त्या वर्षी आजी पुण्याला आमच्याकडे आली होती, १९९७. तिला अष्टविनायकातलं थेऊर बघायचं होतं. सोलापूर रोडने बसने गेलो. चिंतामणीचं दर्शन घेतलं, सभामंडपातल्या लाकडी खांबांवरून तिने हात फिरवला, इथेच ना गं ते, असं विचारलं, मी हो म्हटलं. मग नदीकडे गेलो. मुळामुठेच्या काठी रमाबाईंची समाधी आहे. तिथे चारपाच बायका आल्या होत्या, कुठल्यातरी ट्रिपच्या, त्यांनी समाधीवर हळदकुंकू वाहिलं आणि मग एकमेकींना लावलं. त्यातल्या एकीने मला पण लावलं, नवीन लग्नाची दिसले असेन. आजीकडे तिने बघितलं आणि हात खाली घेतला. आजीला त्याची सवय होती, ती आपणहून एक पाऊल मागे झाली होती.

बायका गेल्यावर आजी पुढे आली. वाकायला त्रास व्हायचा तिला, गुडघे धरून हळूहळू खाली बसली. नमस्कार केला नाही. दगडावर तळहात ठेवला, वर्गातल्या आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ तशीच बसली. मी म्हटलं आजी ऊन लागेल, चल.

“लहान होती गं,” म्हणाली. “हिचे मामंजी असते तर धरून ठेवलं असतं हिला.”

मग माझा हात धरून उठली.